दिवाळीनंतर दरवर्षी राठ होणारे कुरळे केस: नाशिकच्या थंडीसाठी समस्या निवारण

तक्रार ठरलेली असते. पावसाळाभर बऱ्यापैकी वागणारे कुरळे केस नोव्हेंबरच्या मध्यापासून बिघडायला लागतात. सकाळी पिंजारलेले, दुपारी चारला हात फिरवला तर खरखरीत, मानेवर रोज नवा गुंता आणि कंगव्यात आखूड तुटके तुकडे. मग तेल वाढतं, शाम्पू बदलतो, फेब्रुवारी संपता संपता आपोआप जरा बरं वाटतं आणि पुढच्या दिवाळीनंतर पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

ठरावीक महिन्यांतच होतं याचा अर्थ केसांची जात वाईट नाही. बिघाड हवेत, पाण्यात आणि थंडीत बदलणाऱ्या आपल्या सवयींत असतो. नाशिकमध्ये मुख्यतः चार गोष्टी एकत्र येतात: कोरडी दुपार, डोक्यावरून घेतलेलं कढत पाणी, बोअरचं जड पाणी आणि कानटोपी-स्कार्फ-हेल्मेटची घासाघीस. तुमच्याकडे यातलं काय जास्त आहे ते आधी शोधा आणि एका वेळी एकच बदल करून दोन-तीन न्हाणी थांबा. सगळं एकदम बदललं की नेमका कशाने फरक पडला ते कळत नाही आणि पुढच्या वर्षी पुन्हा अंदाजपंचे सुरू होतं.

पहाटेची थंडी नाही, दुपारची हवा

निफाडचा पारा किती घसरला याची बातमी दर हिवाळ्यात येते, त्यामुळे दोष थंडीला दिला जातो. पण आपल्याकडची थंडी केस गोठवण्याइतकी नसते. त्रास होतो तो पहाट आणि दुपार यांच्यातल्या फरकाचा. साधं गणित करून बघा. पहाटे १० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता धरा. बाहेरून नवं बाष्प आलं नाही आणि हीच हवा दुपारी २८ अंशांपर्यंत तापली, तर तिची सापेक्ष आर्द्रता २६ टक्क्यांच्या आसपास येते. हवेतलं पाणी तेवढंच, पण पाणी सामावून घेण्याची तिची ताकद तिप्पट झालेली. ती मग ओठांतून, टाचांतून आणि केसांतून पाणी ओढते.

केस हवेप्रमाणे पाणी घेतात आणि सोडतात. ६५ टक्के आर्द्रतेत केसाच्या वजनाच्या साधारण १३ टक्के पाणी असतं; ३० टक्क्यांवर ते निम्म्याच्या आसपास उरतं. म्हणजे पहाटेच्या दहिवरात केस फुगणार, दुपारी आक्रसणार, आणि हे रोज. सरळ केसांना हे त्यातल्या त्यात सोसतं, कारण टाळूचं तेल सरळ खाली उतरून टोकांपर्यंत पोचतं. कुरळ्या केसात ते वळणावळणांत अडकतं. शिवाय कुरळ्या केसाचा छेद गोल नसून चपटा असतो आणि प्रत्येक वळणावर वरचे खवले किंचित उचललेले असतात. पाणी निसटतं तिथूनच आणि केस तुटतो तोही तिथेच.

थंडीत कुरळ्या केसांची निगा कशी राखायची याच्या बऱ्याच पद्धती आफ्रिकी वंशाच्या लोकांनी, घट्ट वळणांच्या केसांसाठी बसवलेल्या आहेत. त्यांतल्या पिळाच्या बटा, सैल वेण्या, सॅटिनचं आवरण, हात कमी लावणं हे सगळं आपल्यालाही लागू पडतं. जाड बटरचे, म्हणजे शियासारख्या घट्ट वनस्पतिजन्य स्निग्धाचे, थर मात्र जपून. ते बर्फ पडणाऱ्या आणि घरात दिवसरात्र हीटर चालणाऱ्या गावांसाठी ठीक आहेत. इथे दुपारी ऊन तापतं, रस्त्यावरची धूळ त्या थरावर बसते आणि आठवड्यात केस चिकट, मळकट होतात. तुमची वळणं पेन्सिलीइतकी घट्ट असतील तर थोडं बटर चालेल. मोठ्या लाटांच्या केसांना नको.

तेल भरपूर लावतो, तरी कोरडे का?

कारण तेल म्हणजे पाणी नव्हे. तेल पाणी अडवतं, आणू शकत नाही. वाळलेल्या केसावर तेल चोपडलं की कोरडेपणावर झाकण बसतं, एवढंच. त्यामुळे क्रम महत्त्वाचा: आधी पाणी, मग कंडिशनर किंवा लीव्ह-इन (न धुता केसांवर तसंच ठेवायचं कंडिशनर), त्यावर थोडं तेल किंवा जेल.

न्हाण्याआधी लावायचं तेल वेगळं आणि न्हाल्यावर ठेवायचं वेगळं. न्हाण्याआधी खोबरेल उत्तम. त्यातलं लॉरिक आम्ल असलेलं तेल केसाच्या आत शिरू शकतं आणि धुताना केस कमी फुगतो, त्यातलं प्रथिन कमी निघून जातं. खांद्यापर्यंतच्या दाट केसांना दोन चहाचे चमचे, म्हणजे १० मिली पुरे. न्हाण्याआधी तासभर, केसांच्या लांबीला. वाटीभर तेल थापलं तर ते काढायला दोनदा-तीनदा शाम्पू लागतो आणि कमावलेलं सगळं त्या फेसात वाहून जातं.

न्हाल्यावर मात्र थंडीत खोबरेल केसांवर ठेवू नका. खोबरेल साधारण २४ अंशांना थिजतं. बाटलीत पांढरं घट्ट होतं तसंच ते सकाळी सात वाजता केसांवरही थिजतं. केस ताठ होतात, चार-चारच्या काड्या बनतात, आणि मग तक्रार येते, “खोबरेल मला सूट होत नाही.” तेलाचा दोष नाही, तापमानाचा आहे. न्हाल्यावर तिळाचं किंवा बदामाचं तेल वापरा. ही आपल्या थंडीत पातळच राहतात. प्रमाण चार-पाच थेंब, ओल्या केसांवर, तळहातांवर पसरून. तळवे चकाकले पाहिजेत, ओघळ यायला नको. बाटलीतलं खोबरेल वितळवायला गरम पाण्याच्या भांड्यात बाटली दहा मिनिटं उभी ठेवा. गॅसवर पळीत कढवून गरमगरम टाळूवर ओतायची गरज नाही.

एरंडेलाबद्दल थोडी भीती असलेली बरी. थंडीत ते इतकं घट्ट होतं की केस एकमेकांना चिकटतात. लांब केसांना एरंडेल लावून न्हाल्यावर सगळ्या केसांची अचानक जट झाल्याची नोंद वैद्यकीय नियतकालिकात झालेली आहे. असं क्वचितच होतं. पण लावायचंच असेल तर एक भाग एरंडेल, तीन भाग तिळाचं तेल आणि केस आधी पूर्ण सोडवून.

धुतल्यावरही केस तारेसारखे, फेस होत नाही, चमक गेली: जड पाणी

नाशिकच्या निम्म्या तक्रारींचं मूळ इथे असावं असं आमचं मत आहे. गंगापूर धरणातून येणारं महापालिकेचं पाणी तुलनेने मऊ असतं. पण पुष्कळ सोसायट्यांत टाकीत बोअरचं पाणी मिसळतं किंवा टँकर येतो. आपल्या काळ्या दगडातून येणाऱ्या भूजलात कॅल्शियम-मॅग्नेशियम बऱ्यापैकी असतं. ते केसांवर बसतं, साबणाशी मिळून चिकट साका तयार होतो आणि कंडिशनर आतपर्यंत पोचत नाही.

ओळखायचं कसं? शॉवरच्या जाळीवर, नळाच्या तोंडावर पांढरा खरपा दिसतो का बघा. खात्री करायची तर झाकणाच्या पारदर्शक बाटलीत एक तृतीयांश नळाचं पाणी घ्या, नखाएवढा अंगाचा साबण किसून टाका आणि जोरात हलवा. वर फेस आणि खाली पाणी बऱ्यापैकी नितळ राहिलं तर पाणी मऊ. फेस जेमतेम आणि पाणी दुधाळ, वर साय तरंगतेय, तर जड. तुलनेसाठी दुसऱ्या बाटलीत आरओचं पाणी घ्या, फरक लगेच दिसेल. ही चाचणी टाकीत बोअरचं पाणी सोडल्याच्या दिवशी करा. नाहीतर उत्तर चुकीचं येतं.

पाणी जड निघालं तर:

पहिलं, आतापर्यंत बसलेला थर काढा. बऱ्याच शाम्पूंच्या घटकांत डायसोडियम किंवा टेट्रासोडियम ईडीटीए (कॅल्शियम-मॅग्नेशियम पकडणारं रसायन) असतं, पण बहुतेकदा यादीच्या तळाशी. ते पुरत नाही. क्लॅरिफायिंग किंवा चिलेटिंग (साचलेला थर काढणारा) असं स्पष्ट लिहिलेला शाम्पू घ्या आणि तीन-चार आठवड्यांतून एकदाच वापरा. दर न्हाणीला वापरला तर केस आणखी सुकतील. तो वापरलेल्या दिवशी कंडिशनर पाच मिनिटांऐवजी पंधरा मिनिटं ठेवायचा.

दुसरं, शेवटचं पाणी बदला. सगळं न्हाणं आरओच्या पाण्याने करायची चैन नको. शेवटचे दीड ते दोन लिटर तेवढे आरओचे किंवा उकळून निवळलेले घ्या. रात्री मोठ्या पातेल्यात पाणी दहा मिनिटं खळखळ उकळायचं, झाकून ठेवायचं आणि सकाळी तळ न ढवळता वरचं पाणी ओतून घ्यायचं. जडपणाचा जो भाग उकळल्यावर साका होऊन खाली बसतो तो जातो. सगळा जात नाही, पण केसांना फरक पडतो.

तिसरं, आंबट पाणी. एक लिटर पाण्यात एक टेबलचमचा, म्हणजे १५ मिली, साधं पांढरं व्हिनेगर. चायनीज करायला आणतो तेच चालतं. शाम्पूनंतर, कंडिशनरच्या आधी केसांवरून ओतायचं, मिनिटभर ठेवून धुवायचं. पंधरा दिवसांतून एकदा. टाळूवर ओरखडे, फोड असतील तर नको, झोंबेल. लिंबू वापरायचं तर अर्ध्या लिंबाचा रस गाळून लिटरभर पाण्यात. गाळला नाही तर रेषा केसांत अडकतात. रस तसाच टाळूवर चोळू नका.

आणि अंगाचा साबण डोक्याला लावत असाल तर ते आजच बंद. साबण अल्कधर्मी असतो, खवले उघडतो, आणि जड पाण्यात त्याचाच साका होतो. शिकेकाईने केस धुणाऱ्यांनी एवढंच बघायचं की पूड वस्त्रगाळ आहे ना. भरड पूड कुरळ्या केसांत अडकते आणि ती काढण्याच्या झटापटीत केस तुटतात. पूड वापरण्यापेक्षा शेंगा रात्री भिजवून, सकाळी उकळून, गाळून घेतलेलं पाणी बरं.

न्हाणं: वेळ, पाणी, क्रम

थंडीत पाच ते सात दिवसांतून एकदा पुरतं. वेळ सकाळी अकराच्या पुढची. पहाटे न्हाऊन ओल्या केसांनी गाडीवरून सातपूर-अंबडला निघालं की वाऱ्यात वरचे केस विसकटून वाळतात आणि हेल्मेटखालचे तासन् तास ओलसर राहतात. ओला केस जास्त ताणला जातो आणि लवकर तुटतो. रविवारी दुपार मिळत नसेल तर संध्याकाळी सहाच्या आत न्हा, म्हणजे झोपेपर्यंत वाळतील.

न्हाण्याआधी तेल लावलेल्या केसांचे चार भाग करा, बोटांनी मोठे गुंते सोडवा. पाणी ३८ ते ४० अंश. गीझर ६० वर असेल आणि नळाचं पाणी २० च्या आसपास असेल तर निम्मं-निम्मं मिसळलं की ४० होतं. कोपर बुडवून गरम वाटतं, पण चटका बसत नाही, एवढंच. अंगावर कढत पाणी घ्यायची सवय असेल तर खुशाल घ्या, पण आधी केस धुऊन वर बांधून टाका. बंबाच्या वाफाळत्या पाण्याने टाळूचं तेल निघून जातं आणि टाळू खाजायला लागते. मग तो कोंडा समजून आणखी कडक शाम्पू येतो.

शाम्पू एक चहाचा चमचा, अर्ध्या मगभर पाण्यात कालवून, फक्त टाळूला. बोटांच्या पेरांनी, नखांनी नाही. फेस खाली उतरताना लांबी आपोआप धुतली जाते. केस डोक्यावर गोळा करून कपडे घासल्यासारखे चोळले की मानेवरचा गुंता तिथेच जन्माला येतो.

कंडिशनरबाबत हात आखडता घेऊ नका. खांद्यापर्यंतच्या दाट केसांना दोन ते तीन टेबलचमचे लागतात. पाउचमधला नखभर नाही. केस निथळत असताना लावायचा, टाळू सोडून. पाच मिनिटं ठेवा. विंचरायचं ते याच वेळी, मोठ्या दातांच्या कंगव्याने, टोकांपासून वर. कंगवा अडला की ओढू नका. गुंत्याच्या वर केस मुठीत धरा, म्हणजे ताण मुळाला जात नाही, आणि खालून थोडं थोडं सोडवा. पाणी घेतल्यावर केस ओल्या शेवाळासारखे हाताला निसरडे लागले पाहिजेत. नुसते ओले आणि चरचरीत लागले तर कंडिशनर कमी पडला किंवा केसांवर जड पाण्याचा थर आहे.

आता पुसणं. खरखरीत टॉवेल डोक्याला गुंडाळून पिळणं आणि त्याहून वाईट म्हणजे मान वाकवून पंचाने केस झटकणं, झोडपणं. आज्यांच्या सरळ, तेलकट, दणकट केसांनी ते सोसलं असेल. कुरळे केस प्रत्येक फटक्याला वळणावर मोडतात. जुना सुती टी-शर्ट किंवा मऊ पंचा घ्या, खालून ओंजळीत केस उचलून दाबा, सोडा. केसांतून थेंब टपकायचे थांबले पण केस अजून ओलेच आहेत, तेव्हा लीव्ह-इन, मग तिळाच्या तेलाचे थेंब, मग जेल. वाळल्यावर लावलं तर फक्त चिकटपणा येतो.

त्यानंतर केस वाळेपर्यंत हात लावायचा नाही. गच्चीत उन्हात वीस-पंचवीस मिनिटं बसायला हरकत नाही. ड्रायर लागलाच तर मध्यम उष्णता, केसांपासून १५ सेंटीमीटर लांब, सतत हलता, आणि ८० टक्के वाळले की बंद. ओल्या केसांवर स्ट्रेटनर कधीच नाही: आतल्या पाण्याची वाफ होऊन केसाच्या आत बुडबुडे धरतात आणि तो केस तिथेच तुटतो. लग्नसराईत पार्लरमध्ये घाई असते, तेव्हा हे आपणच सांगायचं.

जेल, ग्लिसरीन, कोरफड

ग्लिसरीन पाणी धरून ठेवतं. हवेत पाणी असेल तर ते हवेतून घेतं. नसेल तर केसातून ओढून कोरड्या हवेला देतं. पावसाळ्यात चांगलं चाललेलं क्रीम डिसेंबरात केस चिकट आणि तरीही कोरडे करतं, त्याचं कारण बहुधा हेच. लीव्ह-इन किंवा जेलच्या पहिल्या पाच घटकांत ग्लिसरीन, मध किंवा प्रोपिलीन ग्लायकॉल असेल तर थंडीपुरतं बाजूला ठेवा. धुऊन टाकायच्या कंडिशनरमध्ये असेल तर काही बिघडत नाही.

घरी जवसाचं जेल करा. दोन टेबलचमचे जवस, दोन कप पाणी, मंद आचेवर ढवळत सात-आठ मिनिटं. चमचा उचलल्यावर अंड्याच्या पांढऱ्यासारखी तार लोंबायला लागली की लगेच उतरवा आणि गरम असतानाच मलमलीतून पिळून घ्या. गार झालं की गाळता येत नाही. तार जाड होईपर्यंत थांबलात तर चिखल होतो. फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतं, वास बदलला की फेकून द्या. वाळल्यावर केस कडक झाले तर घाबरू नका, हाताला तेलाचा थेंब लावून हलकेच चुरगाळा, मऊ होतात. पांढरे कण पडले तर जेल जास्त झालं किंवा खाली लावलेल्या क्रीमशी जमलं नाही. तळहातावर दोन्ही मिसळून बघा, दाणे दिसले तर ती जोडी सोडा.

कुंडीतली कोरफड काढल्यावर पान उभं धरून पिवळा चीक पंधरा मिनिटं निथळू द्या, मगच गर घ्या. त्या चिकानेच टाळू खाजते. आणि हा गर न्हाण्याआधीच लावा, नंतर ठेवायला नाही. वाळला की त्याचे पापुद्रे पडतात आणि लोक त्याला कोंडा म्हणतात.

अंडं-दह्याच्या लेपांवर आमचा फारसा विश्वास नाही. अंड्यातलं प्रथिन केसात शिरण्याइतकं लहान नसतं, आणि गरम पाण्याने धुतलं तर ते केसांतच शिजतं.

मानेवरचा रोजचा गुंता आणि कानटोपी

गुंता फक्त मानेवर आणि कानामागे होत असेल तर उत्पादनं बदलून उपयोग नाही. तिथे स्वेटरची कॉलर, मफलर, स्टोलची गाठ आणि हेल्मेटची कड, चौघं मिळून दिवसभर घासतात. अ‍ॅक्रिलिकच्या लोकरीने कोरड्या हवेत केसांत वीज भरते आणि टोपी काढली की केस उभे राहतात.

उपाय सॅटिनचा. मॅचिंग सेंटरमध्ये अस्तराच्या कपड्याशेजारीच मिळतं.  टोपीला अस्तर लावताना लोक एकच चूक करतात: सॅटिन सरळ कापतात. लोकर ताणते, सॅटिन ताणत नाही. मग टोपी डोक्यात शिरत नाही किंवा पहिल्याच दिवशी शिवण उसवते. कापड उरेब, म्हणजे तिरकं, कापा. पट्टीची लांबी डोक्याच्या घेरापेक्षा चार-पाच सेंटीमीटर जास्त, उंची टोपीच्या आतल्या उंचीएवढी. बाजू जोडून नळी करा, वरचं तोंड धाग्याने चुण्या घालून आवळा, टोपीत उलटी बसवा आणि काठापासून दोन सेंटीमीटर आत हाताने सैल टाके घाला. काठावर टाके घातले तर चकाकतं कापड कपाळावर डोकावतं.

गाडीवर जाताना मानेजवळ दोन सैल वेण्या, त्यावर सॅटिनचा रुमाल, मग स्टोल, मग हेल्मेट. डोक्याच्या वर बांधलेला अंबाडा हेल्मेटमध्ये दबतो आणि हेल्मेटही नीट बसत नाही, ते तर धोक्याचंच. हेल्मेटचं आतलं अस्तर निघत असेल तर पंधरा दिवसांनी धुवा. तेल आणि धूळ तिथून रोज परत केसांत येते.

रात्री सॅटिनचा अभ्रा किंवा त्याच रुमालाने बांधलेले केस. सकाळी पूर्ण ओले करायचे नाहीत. स्प्रेच्या बाटलीत १०० मिली पाण्यात एक चहाचा चमचा कंडिशनर हलवून, फक्त विसकटलेल्या बटांवर. हे मिश्रण दोन-तीन दिवसांत संपवा, पाणी घातलेलं कंडिशनर टिकत नाही.

शाळेच्या मुलींच्या दोन घट्ट वेण्या आणि रिबिनी हाही थंडीत त्रासच. कानशिलाजवळचे केस ओढून विरळ होत असतील तर वेणी सैल घाला आणि रोज भांगाची जागा बदला. साधं रबर नको, कापड गुंडाळलेलं वापरा.

पांढरे कण पडतात: टाळू कोरडी की कोंडा?

हे दोन वेगळे आणि उपायही उलटे. कोरड्या टाळूचे कण बारीक, पांढरे, सुटे. खांद्यावर पडतात, टाळू ओढल्यासारखी वाटते, हातापायांची कातडीही फुटलेली असते. इथे पाणी कोमट करा, शाम्पू सौम्य करा, न्हाण्याआधी थोडं तेल टाळूला लावा. एक-दोन आठवड्यांत फरक पडतो.

कोंड्याचे कण मोठे, पिवळसर, तेलकट, टाळूला चिकटलेले; खाज जास्त, कधी भुवया आणि नाकाच्या कडेलाही. यामागे मॅलॅसेझिया नावाची बुरशी असते आणि ती तेलावर जगते. म्हणजे कोंडा दिसला की तेल चोपडायचं, ही घरोघरची रीत तिला खाऊ घालते. टाळूला तेल बंद. २ टक्के किटोकोनाझोलचा शाम्पू आठवड्यातून दोनदा, दोन ते चार आठवडे, फेस टाळूवर तीन ते पाच मिनिटं ठेवून. लगेच धुतला तर पैसे वाया. हा शाम्पू लांबीला कोरडा पडतो म्हणून आधी केसांच्या लांबीला कंडिशनर लावून ठेवा, मग शाम्पू फक्त टाळूला. घरात प्रत्येकाचा कंगवा वेगळा ठेवा आणि तो आठवड्यातून एकदा साबणाच्या पाण्यात धुवा.

चार आठवड्यांत फरक नाही, कपाळाच्या कडेच्या बाहेर लाल चट्टे, रुपेरी जाड खपल्या, पू, किंवा केस गेलेले गोल डाग दिसले तर त्वचारोगतज्ज्ञ. लहान मुलाच्या डोक्यात असा गोल डाग असेल तर मलम-शाम्पूवर वेळ घालवू नका. गजकर्ण टाळूत शिरलं असेल तर पोटातून औषध घ्यावं लागतं.

गळतात की तुटतात?

कंगव्यातले केस पांढऱ्या कागदावर ठेवा. एका टोकाला बारीक पांढरी गाठ दिसली आणि केस पूर्ण लांबीचा असला तर तो मुळापासून गळलेला. रोज ५० ते १०० केस गळणं नेहमीचं आहे, आणि कुरळे केस ते धरून ठेवतात. आठवड्याने न्हाताना पुंजका मोठा दिसतो म्हणून धसका घेऊ नका. दोन्ही टोकं बोथट आणि तुकडे आखूड असतील तर ते तुटलेले, आणि वरचं सगळं त्यांच्यासाठी आहे. तुकडे बहुतेक एकाच लांबीचे असतील तर रबरबँड किंवा क्लचर जिथे बसतो ती जागा मोजा. बहुतेकदा तीच निघते.

फाटे फुटलेली टोकं कोणत्याही सीरमने जुळत नाहीत, तात्पुरती चिकटतात. दिवाळीच्या आधी, ऑक्टोबरातच एक-दोन सेंटीमीटर कापून घेतली तर फाटा वर चढत नाही. यंदा ते राहिलं असेल तर भोगीच्या न्हाणीआधी कापा. तिळाचं तेल त्या दिवशी घरात असतंच, चार थेंब बाजूला काढून ठेवा.